गाव बाहेर असताना

आंबोली,
४ मे १९५७

ती. सौ. वहिनीस,
सुनीतीचा साष्टांग नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. मथुरा मोटारीत दोनदा ओकली. दुसऱ्या वेळेला तिने आधी सांगितलं, म्हणून आमच्या शिबिराच्या प्रमुख राधाबाई यांनी तिला सगळ्यांसमोर शहाणी ठरवली. लेक तुझीच आहे, शहाणपण कुठे दाखवायचं ते तिला बरोबर कळतं.

संस्थेने शिबिरासाठी घेतलेला बंगला गावापासून जरा बाजूला आहे. मुली आत झोपतात, आम्ही गटप्रमुख व्हरांड्यात. मे महिना असून रात्री दोन घोंगड्या लागतात. सकाळी धुकं एवढं की विहीर कुठे आहे ते रहाटाच्या आवाजावरून शोधायचं. तिकडे तुम्ही घामाने निथळत असाल, म्हणून मी थंडीची तक्रार करत नाही.

गटप्रमुखाचं काम मला वाटलं होतं तसं नाही. मालवणला शाळेत शिकवते तसं इथेही शिकवायचं असेल, या समजुतीने मी दोन पुस्तकं आणली होती. ती पेटीतच आहेत. इथे मुलींना उठवायचं, आंघोळीला न्यायचं, उवा काढायच्या, भांडणं सोडवायची आणि कंदील मालवल्यावर ज्या रडतात त्यांच्याजवळ बसायचं. मला एक शिट्टी दिली आहे, ती माझ्याकडून वाजत नाही, नुसती हवा जाते. मुली हसतात. राधाबाई हसत नाहीत.

राधाबाईंच्या राज्यात मासळी बंद. स्वयंपाकी लवू वेंगुर्ल्याकडचा आहे. पहिल्याच दिवशी तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई, सुक्या बांगड्यांची पिशी माझ्याकडे आसा, पण राधाबाईंका वास इलो तर माका आजच घाट उतरूचो लागतलो." मुलींची तोंडं आत्ताच उतरली आहेत. मथुरा मात्र कुळथाच्या पिठीवर खूश आहे.

ती मला सवयीने आते म्हणते. आता माझ्या गटातल्या सगळ्याच मुली ताई सोडून आते म्हणायला लागल्या. एका दिवसात मला एवढ्या भाच्या झाल्या की कोणाची वेणी घातली आणि कोणाची राहिली ते लक्षात राहत नाही. थकते, पण बरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. शिबिर संपताना राधाबाई दोन मुली निवडणार आहेत. त्यांना मालवणच्या वसतिगृहात फुकट राहायला मिळेल आणि हायस्कूल पुरं होईपर्यंत संस्था बघेल. मथुराला त्यात बसवायचं, एवढ्यासाठी मी हे काम घेतलं. दादाला एवढ्यात बोलू नकोस. त्याने तिला एक महिना म्हणून पाठवली आहे, महिनाभर त्याला तसंच वाटू दे.

धाकट्या रुक्मीला पापा. 

तुझी,
सुनीती


माळखोल, पो. मसुरे,
९ मे

चि. सुनीतीस,
यशोदाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा रुक्मीला ऐकू जाईल असं. तिला आता शिट्टी हवी आहे. नऊ वर्षांची घोडी झाली तरी हट्ट तसाच. तुझे दादा पडवीत पान लावत बसले होते, ऐकत नसल्यासारखे. मथुरा ओकली तिथे आल्यावर म्हणाले, "मगे आता बरी आसा मां ती?" म्हणजे सगळं ऐकत होते.

वसतिगृहाचं मी मोठ्याने वाचलं नाही, मनात ठेवलं आहे. मला चौथीतून काढली तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते, आणि कोणी विचारलंही नव्हतं की का जेवत नाहीस. मथुराचं तसं होऊ नये. दादांचं मी बघेन. त्यांना एखादी गोष्ट त्यांच्याच डोक्यात आली असं वाटलं की ती होते, एवढं मी तेरा वर्षांत शिकले आहे.

इथे मोठी बातमी म्हणजे पळण. मार्गशीर्षात देवाने कौल दिला नव्हता ते तुला ठाऊक आहेच. तेव्हा जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा डावा. पेरणीच्या आधी परत विचारायचं ठरलं होतं, तर परवा देवाने उजवा दिला. तेव्हा यंदा भर वैशाखात गाव बाहेर काढायचा. गुरं, कोंबड्या, कुत्री, म्हातारी माणसं, बाळंतिणी, सगळ्यांनी वेशीबाहेर माळावर जाऊन तीन रात्री राहायचं आणि गावात एकट्या देवाने. चुलीत विस्तव नाही, घरात दिवा नाही. सावलीला त्या माळावर चार काजू आहेत, बाकी कातळ. 

मान आपल्या घरचा. गाऱ्हाणं घालणार तुझे दादा, गाव बाहेर काढणार ते, आणि आत यायचा कौल मागायचा तोही त्यांनीच. आत्तापासून ते एक वेळ जेवतात आणि माझ्याशी देवळातल्या आवाजात बोलतात. मी हसले तर राग येतो.

मथुरा तिथे थंडीत आहे हे एका परीने बरंच झालं. एवढ्या उन्हात एक पोर कमी सांभाळायची. तिला म्हणावं, आई बरी आहे, आणि पिठीवर खूश असलीस तर घरी आल्यावर तीच करून घालीन.

यशोदा


आंबोली,
१६ मे

ती. सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. मथुराला वाचून दाखवलं. "देवळातल्या आवाजात" यावर ती खूप हसली आणि दादाची नक्कलही केली. 

शिट्टी आता वाजते. लवूने दाखवलं, जीभ जरा मागे घ्यायची. राधाबाईंना माझं काम पटू लागलं आहे असं वाटतं. परवा सगळ्यांसमोर म्हणाल्या, सुनीतीबाईंच्या गटात रात्री कोणी रडत नाही. खरं म्हणजे रडतात, पण माझ्या घोंगडीत येऊन रडतात, म्हणून ऐकू जात नाही.

या पंधरवड्याचं श्रमदान म्हणजे बंगल्यापासून झऱ्यापर्यंत पायऱ्या बांधायच्या. मागच्या बाजूला दगडी कुंपणाचा एक जुना गडगा कोसळून पडला आहे, त्याचे धोंडे वापरायचे. माझ्या गटाकडे धोंडे आणून द्यायचं काम आलं. मुली ओळीने उभ्या राहतात आणि एकीच्या हातातून दुसरीच्या हातात धोंडा जातो. मथुरा सगळ्यांच्या पुढे असायची. राधाबाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं आहे. त्यांनी मला तिचं वय, इयत्ता, सगळं विचारून घेतलं. आपलं काम होईलसं दिसतं.

तिच्या हाताला जरा लागलं आहे, म्हणून या वेळी ती स्वतः दोन ओळी लिहीत नाही. धोंडा घेताना बोट चेपलं. औषध लावलं आहे. काळजीचं कारण नाही. 

पळणीच्या गडबडीत तू स्वतःला सांभाळ. उन्हाने तुझं डोकं चढतं ते दादाच्या लक्षात राहणार नाही. जास्त लिहीत नाही, मुली वाट बघत आहेत.

तुझी,
सुनीती


माळखोल,
१९ मे

चि. सुनीतीस,
अनेक आशीर्वाद.

कुठल्या हाताचं बोट? एका बोटाने लिहायचं अडत नाही. ती तापात असेल तर तसं लिही. मला घाबरवायला लागत नाही, मी आपली आपणच घाबरते, तेव्हा खरं काय ते कळलेलं बरं.

आणि गडग्याचे धोंडे मुलींच्या हातात देता? गडग्यात काय राहतं ते तुला मी सांगायला हवं असं नाही. त्या बाई कुठल्या आहेत मला ठाऊक नाही, पण तू तर इथली आहेस. काठीने ठोकल्याशिवाय धोंड्याला हात लावायचा नाही, एवढं त्यांना माझ्या नावाने सांग.

मंगळवारी सकाळी गाव निघणार. रुक्मीने कोंबड्या कालच पाटीखाली झाकून ठेवल्या आणि त्यांना पाणी द्यायला विसरली. वासरू बिथरलं आहे. माळावर आपल्या खोपीला झावळ्या घालून झाल्या. तुझ्या दादांची खोप वेगळी, पुरुषमाणसांत, देवाच्या निशाणाजवळ. तिथे बायकांनी जायचं नाही. मी आणि रुक्मी बाकीच्या बायकांबरोबर खालच्या अंगाला, चुलींपाशी. 

तेवढे दिवस डाक गावात येणार नाही. नांदगावच्या बाजूने येणारा रस्ता माळावरूनच जातो, तेव्हा निकड लागली तर माणूस पाठव. शुक्रवारी देवाने कौल दिला की आम्ही घरी.

मथुराला विचारून मला लिही, कुठला हात. 

यशोदा


सावंतवाडी,
२१ मे

ती. दादास,
सुनीतीचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र घेऊन आमचा स्वयंपाकी लवू येत आहे. त्याच्याबरोबर लगेच निघ.

मथुराला फुरसं चावलं आहे. गेल्या मंगळवारी, गडग्याचा धोंडा उचलताना, उजव्या हाताला. आंबोलीतल्या एका जाणत्याने मुळी उगाळून लावली, सूज उतरली, ती जेवली, हसली, म्हणून मी वहिनीला खरं कळवलं नाही. चार दिवसांनी हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि हात काळा पडला. रविवारी तिला इथे वाडीला एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आणलं. त्यांनी सुई दिली, पण उशीर झाला म्हणतात. रक्त आता थांबलं आहे. हात मात्र कुजतो आहे आणि ते वर चढत आहे. कोपराच्या वरून हात काढला तर मुलगी वाचेल, आणि ते दोन दिवसांत करायला हवं. माझ्या एकटीच्या संमतीवर ते करत नाहीत. 

आंबोलीला आलेलं वहिनीचं पत्र लवूने आज आणलं, गाव बाहेर आहे हे मला कळतं. तरी ये. ती शुद्धीवर आहे.

सुनीती


माळ,
बुधवार

चि. सुनीतीस,
परशुरामाचे आशीर्वाद.

माणूस पोचला. पत्र वाचलं.

मला आज हलता येत नाही. गाव माझ्या शब्दावर बाहेर पडला आहे. दुसऱ्याने घातलेलं गाऱ्हाणं देवाला लागत नाही आणि मी माळ सोडला तर गाव आत घ्यायला कोणी उरत नाही. आजोबांच्या आधी एकदा असं झालं होतं. त्या वर्षी पटकीने वाडीच्या वाडी रिकामी झाली. ते तू ऐकलेलं आहेस. इतकी माणसं, पोरं या उन्हात माझ्याकडे बघून बसली आहेत. शुक्रवारी कौल झाला की मी घरी न जाता तसाच निघतो.

तोवर तिच्या हाताला कोणी शस्त्र लावू नये. एका हाताची मुलगी मी कोणाच्या घरात देऊ? डॉक्टर मोठं करून सांगतात. फुरसं चावून उठलेली माणसं आपल्या गावात आहेत, तूही बघितली आहेस.

तुझ्या वहिनीला मी बोललो नाही. बायकांत रडारड सुरू झाली की कोणीतरी वेस ओलांडणार. लवूलाही बजावलं आहे की जेवून गप परत जायचं. मी इथून देवाला मथुराचं सांगितलं आहे. माझ्या मनाचं काय झालं आहे ते लिहीत नाही.

तिला म्हणावं, बाबा येतो.

परशुराम


माळखोल,
४ जून

सुनीती,

शनिवारी कौल झाल्यावर मथुराला भेटून येतो एवढंच सांगून गेलेले तुझे दादा पुढच्या मंगळवारी परत आले, एकटे. मी अंगण सारवत होते. ते खळ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "मथुरा गेली." मला वाटलं, वसतिगृहात गेली. मी म्हटलं, माका न विचारता कशी धाडलात?

मग सगळ्या बायका येऊन बसल्या. अजून येतात. त्या म्हणतात, गावावर येणारं होतं ते पोरीने आपल्या अंगावर घेतलं. शुक्रवारी देवाने डावा दिला होता, सगळा गाव आणखी एक रात्र माळावर राहिला, आणि शनिवारी एकदम उजवा. त्याच सकाळी ती गेली म्हणे. आता गावाला तेवढाच धागा मिळाला आहे. कोणी माझ्या पाया पडायलासुद्धा आली. मी पाय ओढून घेतले.

तुझे दादा सांगतात की त्यांना निरोप शनिवारी मिळाला, ते पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यापुढे बोलत नाहीत. तुला घरात घ्यायचं नाही म्हणून सांगून ठेवलं आहे. तुला यायची बंदी आहे, लिहायची नाही. 

काय झालं ते मला सगळं लिही. तिला काय चावलं, कधी, कोण जवळ होतं, ती काय बोलली. काही गाळू नकोस. मला देवाची इच्छा नको आहे, मला माझ्या लेकीचं हवं आहे.

यशोदा


मालवण,
८ जून

वहिनी,

गाळत नाही.

पायऱ्यांचं काम चाललं होतं. तिने धोंडा उचलला आणि "मुंगळो चावलो" म्हणाली. मी धोंडा पायाने उलटला तर खाली फुरसं होतं. मी तिला तिथल्या तिथे खाली वाडीला आणायला हवी होती. राधाबाई म्हणाल्या, गावातला माणूस चांगली मुळी देतो, आधी बघू. मी ऐकलं, कारण मलाही तेच हवं होतं. दादाला कळलं असतं तर तो तिला उचलून घरी घेऊन गेला असता आणि वसतिगृह कायमचं गेलं असतं. तुला बोट चेपलं म्हणून लिहिलं ते याच भीतीने. ती बरी दिसतही होती. दोन दिवस डाव्या हाताने जेवली आणि मुलींना डाव्या हाताने चित्रं काढून दाखवली.

मग हिरड्यांतून रक्त आलं. वाडीच्या डॉक्टरांनी पुष्कळ केलं, त्यांना मी बोल लावत नाही. हात काढायचं ठरलं तेव्हा ते मला म्हणाले, तुम्ही आत्या आहात, आत्याच्या शब्दावर मी मुलीचा हात कापणार नाही, आई किंवा बाप, दोघांतलं एक कोणीतरी समोर उभं राहू दे, मी त्याच क्षणी करतो. म्हणून मी लवूला त्याच दिवशी दादाकडे पाठवला. तो बुधवारी दुपारी माळावर पोचला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मला म्हणाला, "बाई, दादा येतंत म्हणाले, पण देवान गाव आत घेतल्यार. माका थंय घाईन जेवक घातलानी आणि वाटेक लावलानी." मग आम्ही शुक्रवारची वाट बघत बसलो. शुक्रवारी कोणी आलं नाही. मी डॉक्टरांच्या पाया पडले. ते म्हणाले, आता कापूनही उपयोग नाही, विष अंगात भिनलं.

ती शेवटपर्यंत बोलत होती. वेदना फार होत्या, खोटं लिहीत नाही. सारखं घरी जायचं म्हणायची, "आते, माका घराक व्हर." लवू निघाला त्या दिवशी म्हणाली, "आवशीक सांगलंस मां?" मी हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं, दादाला सांगितलं म्हणजे तुला सांगितलंच. मग जरा शांत झाली. शनिवारी उजाडताना गेली. मी जवळ होते, लवू दाराशी होता. दादा रविवारी आला. त्याने तिला हात लावला आणि तिथेच खाली बसला. मग त्याने मला तिच्यापासून बाजूला केलं. त्याचा राग मला कळतो. मी त्याच्या जागी असते तर मीही मला घरात घेतलं नसतं.

शिबिराचं काम मी सोडलं आहे. शाळा सुरू झाली, तिथे जाते. मुलींच्या हातांकडे बघवत नाही. तू काहीही म्हण, शिव्या दे, पण लिही.

सुनीती


माळखोल,
१३ जून

सुनीती,

तुझं पत्र मी गोठ्यात बसून वाचलं, मग परत वाचलं. पहिल्यांदा मला वाटलं, मला वाचता येत नाही, म्हणून चुकीचं दिसतं आहे.

बुधवारी दुपारी एक माणूस माळावर आला होता. उंच, काळा, डोक्याला पांढरा पंचा. तुझ्या दादांच्या खोपीकडून आला आणि चुलींपाशी जेवायला बसला. वाढणारी मीच होते. मी विचारलं, "खंयसून इलात?" तो म्हणाला, "वाडीसून." मी म्हटलं, "माझा चेडू थंयच वर आंबोलीक आसा, शिबिरात." त्याने मान खाली घातली आणि जेवत राहिला. उन्हातून चालत आलेला दिसला, म्हणून मी त्याला सोलकढी परत वाढली. तो उठताना माझ्याकडे बघत उभा राहिला. मला वाटलं, गरीब आहे, काही हवं असेल. मी त्याला वाटेसाठी दोन भाकऱ्या बांधून दिल्या.

तुझ्या दादांना मी हे विचारलं. शनिवारचा निरोप खोटा, हे त्यांनी कबूल केलं. ते म्हणाले, "तुका सांगलंय असतंय तर तू थांबली नसतंस." ते खरं आहे. मी थांबले नसते. रुक्मीला शेजारणीकडे टाकून त्या माणसाबरोबरच निघाले असते, आणि मोटार चुकली असती तर रात्रभर चालले असते. डॉक्टरांपुढे उभी राहून म्हटलं असतं, कापा. मला एका हाताची मथुरा चालली असती. लग्न नसतं झालं तर घरात राहिली असती, मी आहे तोवर मी भात कालवला असता. 

त्यांच्याशी माझं जे आहे ते मी इथे बघेन. ते आता रात्री झोपत नाहीत, पडवीत बसून असतात. माझ्याच्याने त्यांच्याजवळ जाऊन बसवत नाही. पण एवढं मला दिसतं की त्यांना देव आडवा आला आणि गाव आडवा आला. तुला काय आडवं आलं? डॉक्टरांनी तुला तोंडावर सांगितलं, आई किंवा बाप. तू माझं नाव घेऊन माणूस पाठवला असतास तर तो माझ्या हातची कढी पिऊन गप राहिला नसता. तू ते दोन ओळींत लिहून पुढे गेलीस, अजूनही तुझ्या लक्षात आलेलं नाही. मला वसतिगृहाचं सांगताना दादांना सांगू नको म्हणत होतीस. आणि पोर मरायला टेकली तेव्हा तुला मी आठवलेच नाही.

तिने विचारलं, आईला सांगितलंस ना, आणि तू हो म्हणालीस. ती असं समजून गेली की आईला ठाऊक आहे आणि आई आली नाही. सुनीती, हे मी कुठे ठेवू?

आता पुढचं. सोमवारी मी रुक्मीला घेऊन मालवणला येते. तिला तुझ्या शाळेत घाल आणि तुझ्या खोलीत ठेव. तुझ्याशी बोलायला मला जमेल असं वाटत नाही, तेव्हा माझ्यासाठी चहा ठेवू नकोस. मी तिला दारात सोडून परत फिरेन. तरी ती तुझ्याकडेच राहील, कारण इथे मी तिला ठेवणार नाही, आणि तिसरं दार मला नाही.

तिला कधी काही झालं, साधा ताप आला, तर माणूस माझ्या नावाने पाठवायचा. गाव आत असो की बाहेर असो, त्याने आल्याबरोबर माझं नाव घेऊन ओरडायचं. यशोदा कुठे आहे म्हणून विचारायचं. मी येईन.

तुझ्या दादांना हे सगळं सांगून झालं आहे. ते नाही म्हणाले नाहीत.

यशोदा